घरून लावलेला बाहेरचा फोन

आमची सूनबाई कामाला निघताना केस वर बांधते आणि त्यात एक पेन्सिल खोचते. त्या पेन्सिलीने तिने कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "यंत्रांची बारीक बटणं दाबायला बरी पडते, आई. बोट जात नाही तिथे." मी म्हटलं, मग पर्समध्ये ठेव, डोक्यात कशाला? यावर ती हसली, चपला घातल्या आणि पेन्सिलीसकट निघून गेली. माझ्याशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे ती लग्नानंतर फार लवकर शिकली. आता माझं सगळं ऐकून घेते आणि मग तिला हवं तेच करते.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात ती संपर्काचा सर्व्हर सांभाळते. हे मी आता एका दमात म्हणते, पण गळी उतरायला वेळ लागला. कारण त्याच हॉस्पिटलात मी जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होते. जिन्याखालच्या खोलीत माझा बोर्ड होता, कानाला यंत्र, समोर लुकलुकणारे दिवे. कोणाचा फोन कुठे जोडायचा, कोणाला थांबवायचं, कोणाला "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत" म्हणून सांगायचं, सगळं माझ्या हातात. आणि रांग म्हणजे रांग. मोठ्या डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला तरी आधीच्या माणसाचं होईपर्यंत तिला ताटकळावं लागे. तिने एकदा माझी तक्रार केली. मोठे डॉक्टर स्वतः खाली आले, दारात उभं राहून माझ्याकडे बघितलं आणि तसेच वर गेले. पुन्हा कोणी तक्रार केली नाही.

मी निवृत्त झाले त्या सुमारास बोर्ड निघाला आणि सर्व्हर आला. कपाटाएवढं ते यंत्र, सतत घुमणारं. आता फोन, निरोप, डॉक्टरांच्या मीटिंगा, सगळं त्याच्यातूनच जातं. बाहेरून फोन आला की आधी एक आवाज बोलतो, मग फोन रांगेत लागतो, मग जो मोकळा असेल त्याच्याकडे जातो. त्या आवाजासाठी मला बोलावलं होतं. पंखा बंद, खिडकी बंद, सगळे गप्प. कागदावर लिहिलेलं होतं, "नमस्कार. आपला फोन आमच्यापर्यंत पोचला आहे. रांगेत थांबा, कोणीतरी बोलेल." मी वाचताना "नक्की" घातलं. कोणीतरी नक्की बोलेल. डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या माणसाला नुसतं "बोलेल" सांगून भागत नाही. ते तसंच ठेवलं.

पुढे मुलाचं लग्न झालं आणि काही वर्षांनी सूनबाई त्याच हॉस्पिटलात, त्याच सर्व्हरवर लागली. मला वाटलं, छान झालं, घरातलं काम घरात राहिलं. आणि मग, आमच्या ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आसपास, तिने माझा आवाज काढून टाकला. मला कसं कळलं? घरून हॉस्पिटलचा नंबर लावला की सरळ घंटी वाजायची आणि ही उचलायची, "हं, बोला आई." नमस्कार नाही, रांग नाही, काही नाही. मी चकार शब्द काढला नाही. विचारायचं कशाला? ज्याचं त्याला कळायला नको? मनातल्या मनात मात्र बोटं मोडली, खोटं कशाला बोलू.

पण कामाला बाई वाघीण आहे, हे मला कबूल करावं लागतं. तिच्या आधी तिथे एक जण होता, त्याचा एकच मंत्र, "चाललंय ना, मग हात लावू नका." सर्व्हर बनवणारी मंडळी दर काही महिन्यांनी दुरुस्त्या पाठवतात, अपडेट. याने वर्षानुवर्षं त्यातलं एकही बसवलं नाही आणि एक दिवस चांगली नोकरी बघून सटकला. मग बोलता बोलता फोन तुटायला लागले. पेशंट सांगतोय की डोळा लाल झालाय, आणि खटकन बंद.

सूनबाईने जेवताना मला समजावलं होतं. "ही अपडेट एकत्रित असतात, आई. शेवटच्या अपडेटमध्ये आधीच्या सगळ्या दुरुस्त्या आलेल्याच असतात. एकेक करून बसवायला नको, शेवटचं बसवलं की मागचं सगळं आलं."

"म्हणजे तुझ्या सासूच्या भांडणासारखं," हे म्हणाले. "शेवटच्या भांडणात आधीची सगळी असतात."

ऑपरेशननंतर ह्यांच्या अंगात जीव राहिला नव्हता, पण जीभ शाबूत होती. सूनबाई भात कालवत खाली बघून हसत होती. मी दोघांनाही वाढायचं थांबवलं.

हॉस्पिटलच्या मॅनेजरना सगळे नंतरसाहेब म्हणतात, कारण काहीही घेऊन गेलं की ते "नंतर बघू" म्हणतात. फोन तुटायला लागल्यावर मात्र त्यांना एकदम घाई झाली. त्यांनी एक बाहेरची कंपनी गाठली. आपला सर्व्हर काढायचा आणि फोनचं सगळं त्यांच्याकडे सोपवायचं. करार तयार, सही तेवढी बाकी. सूनबाई त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "मला एक रविवार द्या. अपडेट बसवून सगळे फोन सुरळीत करून देते. नाही झालं तर सही करा, मी अडवणार नाही."

नंतरसाहेबांनी रविवार दिला. पण त्याच रविवारी पाच वाजता कंपनीच्या माणसालाही बोलावून ठेवलं. तो स्वतःच्या मोबाइलवरून हॉस्पिटलला फोन लावून बघणार, आणि मग निकाल.

तो रविवार फसला असता तर काय झालं असतं, ते सांगते. सूनबाईला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलेलंच होतं. इथला सर्व्हर गेला की तिचं काम गेलं, मग ती तिकडे, आणि तिच्याबरोबर आमचा मुलगा. त्याचं काय, तो लॅपटॉप उघडेल तिथे त्याचं ऑफिस. इथे उरलो असतो मी आणि हे. मुलगा म्हणत होता, "तुम्हीही चला." या वयात, ह्यांना घेऊन, नवे जिने, नवे डॉक्टर? मला भीती वाटत होती. सूनबाईला मी यातलं एक अक्षर बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. फक्त शनिवारी रात्रीचं जेवण आवरताना म्हणाली, "होईल, आई." मी म्हटलं, "काय होईल? मी कुठे काय म्हटलं?"

तिची काम करायची एक पद्धत आहे. सर्व्हर बंद करायच्या आदल्या दिवशी ती मजल्या-मजल्यावर जाऊन प्रत्येकाला तोंडी सांगते. निरोप पाठवत नाही. म्हणते, निरोप लोक वाचतात आणि विसरतात, माझं तोंड विसरत नाहीत. तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीवर, औषधांच्या दुकानात, चष्म्याच्या काउंटरवर, वर नर्सबाईंच्या टेबलापाशी. "उद्या दुपारपर्यंत फोन बंद. तातडीचं काही असेल तर हा मोबाइल नंबर, फाटकावरही लावलाय." नर्सबाई तिला म्हणाली, "फोन बंद, म्हणजे निदान उद्या थोडी झोप मिळेल." ही म्हणाली, "झोपा, पण उठल्यावर फोन लावून बघा." रविवारी बाहेरचे पेशंट तपासत नाहीत, फोन कमी येतात, म्हणून तर रविवार.

आणि दुसरी पद्धत म्हणजे बाहेरचा फोन. काहीही दुरुस्ती झाली की पडद्यावर सगळीकडे हिरवं दिसतं, पण हिचा त्या हिरव्यावर काडीचा विश्वास नाही. आधी ती प्रत्येक मजल्यावरून फोन लावते, आणि शेवटी घरी सांगते, "आई, आता तुम्ही बाहेरून लावा." हे काम माझं. आणि मी नुसतं "हॅलो, हॅलो" करत नाही. कधी मी बहिरी म्हातारी होते, कधी चिडलेला नातेवाईक, कधी चुकून चष्म्याऐवजी दाताच्या कवळीबद्दल विचारणारी बाई. एकदा मी तिला इतकं छळलं की ती म्हणाली, "आजी, तुमच्या सुनेला फोन द्या." हे शेजारी बसून ऐकत होते, त्यांचा चहा नाकातून आला.

रविवारी ती सकाळीच गेली. दुपारी जेवायच्या सुमारास मला मोबाइलवरून म्हणाली, "सगळ्या सेवा थांबवल्यात, नवं बसवलंय, सर्व्हर परत चालू होतोय." तिच्या आवाजात काळजी नव्हती. ती काम करताना काळजी करत नाही, नंतर करते, भांडी घासताना. मग थोड्या वेळाने, "डेटाबेसही, म्हणजे यंत्राच्या नोंदवह्या, नव्या करून घेतल्या. आता मजले फिरते."

माझ्याकडे तेव्हा शेजारची शिंपीण आली होती. ह्यांचे सगळे शर्ट ऑपरेशननंतर ढगळ झालेले, ती मापं घ्यायला आलेली. तोंडात टाचण्या, हातात टेप, आणि हे मधोमध हात पसरून उभे. शिंपीण दोन टाचण्या लावायची आणि हे "आई गं" म्हणायचे, टाचणी लागलेली नसतानासुद्धा.

घरचा फोन वाजला. सूनबाई. "आई, लावा बाहेरून."

मी लावला. पहिल्या घंटीला उचलला. मी म्हातारीचा आवाज काढला, "बाई गं, माझ्या डाव्या डोळ्यात थेंब घालायचे ते उजव्या डोळ्यात घातले, आता डावा रुसलाय."

"आजी, रुसू दे, संध्याकाळी दोन्हीत घाला," ती म्हणाली. "आवाज स्वच्छ येतोय?"

"स्वच्छ."

"तुटत नाही ना?"

मी मुद्दाम बराच वेळ बोलत राहिले. शिंपीण काय करतेय ते सांगितलं, हे कसे उभे आहेत ते सांगितलं. नाही तुटला. ती म्हणाली, "झालं तर मग. चहा पिते आणि साहेबांकडे जाते. अजून वेळ आहे." तिचा असा हलका आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माझा स्वभाव बघा. त्या आनंदातच माझं जुनं दुखणं वर आलं आणि मी शिंपिणीला म्हटलं, "सगळं नीट केलं पोरीने. फक्त माझा आवाज तेवढा काढून टाकला."

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या. "कोणी काढला? मागच्याच आठवड्यात मी थेंबांचं विचारायला हॉस्पिटलला फोन केला होता. तुम्हीच तर बोललात. नमस्कार, रांगेत थांबा, नक्की बोलेल. मी माझ्या नवऱ्याला ऐकवलं, म्हटलं बघा, ही आपली शेजारीण."

"मागच्या आठवड्यात?"

"हो. आणि त्याच्या आधीही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हात पसरून तसेच उभे. मी जन्मभर फोन जोडले आहेत. दोन माणसांनी एकच नंबर लावला आणि दोघांना वेगवेगळं ऐकू आलं, तर ते दोन फोन एका वाटेने जात नाहीत, एवढं मला अजून कळतं. आणि वाट वेगळी असेल, तर आत्ता मी जी तपासली ती पेशंटची वाट नव्हतीच.

"तुझा मोबाइल दे," मी म्हटलं.

शिंपिणीच्या मोबाइलवरून हॉस्पिटलचा नंबर लावला. घंटी वाजली नाही. माझा आवाज नाही. नुसती शांतता, विहिरीत कान घातल्यासारखी, आणि मग खटकन बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच. घड्याळाकडे बघितलं तर पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता. तिकडे सूनबाई चहा पिऊन, केसातली पेन्सिल सारखी करून, साहेबांच्या केबिनमध्ये जाणार, आणि तो कंपनीचा माणूस खिशातून मोबाइल काढणार.

घरच्या फोनवरून लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"हं, बोला आई."

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "तुझा बाहेरचा फोन मेलाय. शिंपिणीच्या मोबाइलवरून दोनदा लावला. रांगच लागत नाही, आवाज येत नाही, नुसतं बंद पडतं. आणि माझा फोन तुला सरळ कसा लागतो ते आधी सांग."

मग ती अगदी हळू म्हणाली, "अरे देवा. घरचा नंबर."

"काय घरचा नंबर?"

"बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. या नंबरवरून फोन आला की रांगेत ठेवायचा नाही, सरळ माझ्याकडे द्यायचा, टेबलावर नसले तर मोबाइलवर. तुम्ही दोघंच घरात असायचात. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते काढायला लावलं असतं." ती थांबली. "मीच विसरले, आई. बाहेरचा म्हणून ज्या नंबरवरून तपासते, तो मी आतला करून ठेवलाय."

रांग मोडणाऱ्या बाईला मी ताटकळत ठेवलं होतं, आणि इतके दिवस मी स्वतः रांग मोडून बोलत होते, तेही न कळता. वर सूनबाईच्याच नावाने बोटं मोडत होते. पण ती वेळ रडण्या-भांडण्याची नव्हती.

"ते नंतर बघू," मी म्हटलं.

"तुम्ही नंतरसाहेब झालात," ती म्हणाली, आणि मला कळलं की बाई परत कामावर आली. "आई, फोन चालू ठेवा. शिंपीणकाकूंचा मोबाइल हातात ठेवा. मी सांगितलं की लावा."

मग मी या कानाला घरचा फोन धरून उभी आणि त्या हातात शिंपिणीचा मोबाइल. पलीकडे तिची बोटं चालल्याचा टकटक आवाज. ती स्वतःशीच बोलत होती, तशी ती नेहमी बोलते. "रांगेची सेवा. हिरवी दिसतेय. कधीची चालू आहे? सर्व्हर सुरू झाला तेव्हाची. आणि डेटाबेस नवे केले त्याच्या नंतर. अच्छा." मग मला म्हणाली, "बाहेरचे फोन रांगेत लावणारी सेवा डेटाबेस नवे व्हायच्या आधीच उठून बसली, आई. तिला जुनंच दिसलं, काही कळेना, तशीच गप्प बसून राहिली. पडद्यावर मात्र चालू म्हणून दाखवतेय. एकदा झोपवून पुन्हा उठवायला हवी."

"मग उठव. बोलतेस काय?"

"उठवतेय. याला थोडा वेळ लागतो. घाई केली की बिघडतं."

हे अजून टाचण्या लावलेल्या शर्टात उभे होते. शिंपिणीने त्यांना खुर्चीत बसवायला बघितलं, तर म्हणाले, "नको, टोचेल. होऊ दे तिचं." असे आम्ही तिघं त्या खोलीत उभे. नळाचं पाणी टपटप पडत होतं, ते मला इतक्या दिवसांत कधी ऐकू आलं नव्हतं.

"लावा," सूनबाई म्हणाली.

मी शिंपिणीच्या मोबाइलवरून लावला. आधी शांतता. मग घंटी. आणि मग कोणीतरी बाई बोलायला लागली. निवृत्तीच्या वेळची मी, जिचे सगळे दात अजून जागेवर होते, जिने आवाज देण्याआधी पंखा बंद करायला लावला होता, ती.

"नमस्कार. आपला फोन आमच्यापर्यंत पोचला आहे. रांगेत थांबा, कोणीतरी नक्की बोलेल."

मी थांबले. रांगेत, रीतसर. मग एक घंटी, दुसरी, आणि सूनबाईचा आवाज दोन्ही कानांत एकदम आला.

"नमस्कार, डोळ्यांचं हॉस्पिटल. बोला."

काहीतरी छळणारं बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण म्हातारीचा आवाज काढायला जमेना, कारण तो आपोआपच येत होता. मी म्हटलं, "लागला गं. जा आता, साहेब वाट बघतायत."

पुढचं तिने घरी आल्यावर सांगितलं. कंपनीच्या माणसाने टेबलावर मोबाइल ठेवून, स्पीकर लावून फोन केला. केबिनमध्ये माझा आवाज घुमला. नंतरसाहेब म्हणाले, "या आमच्या जुन्या ऑपरेटर," आणि खुर्चीत जरा सरळ बसले. त्या माणसाने पुन्हा लावला, बराच वेळ बोलत ठेवला, तुटला नाही. त्याने चहा घेतला आणि करार तसाच बॅगेत घालून नेला. सूनबाईने त्याच संध्याकाळी दुसऱ्या शहरातल्या लोकांना "येत नाही" म्हणून कळवलं. आणि आता ती बाहेरचा फोन बाहेरच्याच माणसाकडून लावून घेते, कधी शिंपीण, कधी कोपऱ्यावरचा किराणावाला.

रात्री भांडी घासताना मी तिच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, "तो घरचा नंबर काढून टाक. जन्मभर मी कोणाला रांग मोडू दिली नाही."

"नाही काढणार," ती म्हणाली. भांड्यावरून हातही थांबला नाही तिचा. "मोठ्या डॉक्टरांच्या बायकोला मीही थांबवते, आई. तुमच्यासाठी मोडते एवढीच."

मी फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागले. हे पलीकडच्या खोलीतून ऐकत होते, त्यामुळे रडायची सोय नव्हती.

आता मला माझा आवाज ऐकायचा असला की शिंपिणीकडे जावं लागतं. महिन्यातून एखादवेळी जाते. घरून लावला की सूनबाईच उचलते.